‘आणखी कोणी?’ हा रकाना

पाहुणी कोण आहे हे कळल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली.

फोन श्टुटगार्टमधल्या एका छोट्या फेराइनमधून होता. फेराइन म्हणजे आपल्याकडच्या मंडळासारखं. ही मंडळी बरीच वर्षं मलावी या देशातल्या काही गावांशी संबंध ठेवून आहेत. ऑक्टोबरात त्यांना एका संध्याकाळी कार्यक्रम करायचा होता. विषय होता, मलावी उभा करण्यात तिथल्या बायकांचा वाटा. तिथून तीन जणी येणार होत्या: एक सुईण, एक गावाचं बियाणं राखणारी आणि एक हातपंप दुरुस्त करणारी.

“तुम्ही त्या पंपवाल्या बाईंच्या गावात राहून आलात ना?” फोनवरच्या बाईंनी विचारलं. “तुमच्या ऑफिसातून कळलं. त्या तुमच्याकडे तीन दिवस उतरल्या तर चालतील का? आणि कार्यक्रमात दहा मिनिटं तुम्हीही बोला.”

“हो, नक्की,” मी म्हणाले. नाही म्हणायला एकही सभ्य कारण सुचलं नाही.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, आठवड्यातले दोन दिवस वाल्डॉर्फला जातो, उरलेले दिवस घरून काम करतो. तो खूश झाला. “अगं, मग छानच की. तुझ्या त्या रिंगेची गोष्ट ऐकायला खुद्द तिथली बाई येणार.”

मी कुकर लावत होते. त्याच्याकडे वळून बघितलं नाही.

त्या रिंगेची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. पण ती जशी पाठ होती तशी घडलेली नव्हती, आणि हे तोपर्यंत फक्त मला माहीत होतं.

आठ-नऊ वर्षं झाली असतील. श्टुटगार्टच्या बाहेरच्या एका लहान पंप कंपनीत माझं तिसरं वर्ष चालू होतं. आमचा एक हातपंप आफ्रिकेतल्या खेड्यांत जायचा. त्याची तक्रार अशी, की दांडा जिथे फिरतो तिथलं प्लास्टिकचं बुश, म्हणजे आतली नळी, फार लवकर झिजायचं. बुश झिजलं की दांडा सैल पडून डगमगतो, खालची सळई तिरकी ओढली जाते आणि एक दिवस तुटते. मग गावातल्या बायका बादल्या घेऊन पुन्हा नदीवर. मलावीच्या मधल्या भागातल्या एका गावात मात्र हाच पंप टिकतो, असं कानावर आलं होतं. का टिकतो ते बघायला कंपनीनं मला पाठवलं. मुलगी पाच वर्षांची होती. सासूबाई पुण्याहून येऊन राहिल्या आणि मी पाच आठवड्यांसाठी गेले.

त्या गावात पाण्याची समिती बायकांची होती. तिची प्रमुख पन्नाशीची, उंच, कमरेला रंगीत कापड गुंडाळलेली आणि त्यावर पुरुषी कोट घालणारी. सगळे तिला ‘अमाई’ म्हणत. अमाई म्हणजे त्यांच्या भाषेत आई, मोठ्या बाईला मानानं हाक मारायचा शब्द. माझ्या मराठी कानाला तो इतका ओळखीचा वाटला, की पहिल्या दिवसापासून मीही तेच म्हणायला लागले. अमाई आठवीपर्यंत शिकल्या होत्या आणि त्यांचं इंग्रजी स्वच्छ होतं.

पहिल्या सकाळी मी लॅपटॉप उघडला, मोजमापाची हत्यारं मांडली, हातमोजे शोधायला लागले. मोजे सापडेपर्यंत अमाईंनी एकाच पान्यानं पंपाचं डोकं उघडून दांडा काढून बाजूला ठेवला होता. बुशाच्या दोन्ही अंगांना सायकलच्या ट्यूबमधून कापलेली काळी रिंग होती. आमच्या कुठल्याही ड्रॉइंगमध्ये नसलेली.

“हे काय?” मी विचारलं.

“वाऱ्याबरोबर धूळ येते,” अमाई म्हणाल्या. “ती आत बसते आणि प्लास्टिक खाते. ही रिंग तिला दारातच अडवते.”

रिंगेची एक कड पातळ होती आणि ती खाली वळवलेली होती. मी म्हटलं, वर वळवली तर धूळ जास्त अडेल. अमाईंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. “वर वळवलीस तर वाटी होईल. वाटीत धूळ साठते. खाली वळवलीस तर पाऊस येतो आणि धुऊन नेतो.”

मी कॉलेजात चार वर्षं आणि जर्मनीत दोन वर्षं जे शिकले होते, त्यात हे कुठेतरी होतंच. पण त्या पंपापाशी उभं राहून ते मला सुचलं नव्हतं.

शाळेच्या मागच्या भिंतीवर त्यांनी कोळशानं रेघा ओढून ठेवल्या होत्या. आसपासच्या पाच पंपांच्या पाच ओळी. पंप उघडला की उभी रेघ, बुश बदललं की फुली, पावसाळा लागला की आडवी लाट. रिंग बसवण्याआधीच्या फुल्या दाट होत्या, नंतरच्या विरळ. मी त्या भिंतीसमोर दोन दिवस बसून सगळं वहीत उतरवून घेतलं. पाचही आठवडे मी दुसरं काय केलं? मोजलं, उतरवलं, विचारलं. त्यांनी सांगितलं.

परत आल्यावर मी रिपोर्ट लिहिला. भिंतीवरच्या रेघांचा आलेख केला आणि त्याखाली लिहिलं, ‘प्रत्यक्ष जागेवरील निरीक्षणे’. कोणाची निरीक्षणं ते लिहिलं नाही. सायकलच्या ट्यूबऐवजी चांगलं रबर सुचवलं, मापं ठरवली, स्वच्छ ड्रॉइंग काढलं. शेवटच्या पानावर एक वाक्य घातलं, ‘स्थानिक महिलांना पंपाच्या देखभालीचे प्रशिक्षण देण्यात आले.’ असं वाक्य अशा रिपोर्टात असतंच म्हणून घातलं. खरं म्हणजे तिथे प्रशिक्षण मिळालेली एकच बाई होती, आणि ती मी.

आमचे विभागप्रमुख रिपोर्टवर फार खूश झाले. हे पेटंटला जाण्यासारखं आहे म्हणाले. त्याचा फॉर्म आम्ही दोघांनी बसून भरला. ते वाचत होते, मी सांगत होते. एका रकान्यापाशी त्यांनी मान वर केली. “झोन्स्ट नोख येमांड?” आणखी कोणी?

“नाइन,” मी म्हणाले. नाही.

इतकंच. मला कोणी भरीला घातलं नाही, दबाव आणला नाही. त्या माणसानं सरळ विचारलं होतं. अमाईंचं नाव मला स्पेलिंगसकट माहीत होतं. वहीच्या पहिल्या पानावर ते होतं आणि वही माझ्या पिशवीत होती.

का म्हणाले, याचं कारण मी स्वतःला पुष्कळदा दिलं आहे. त्याच्या आदल्या वर्षी चाचणीच्या एका यंत्रासाठी मी एक बदल सुचवला होता. मीटिंगमध्ये मी बोलले तेव्हा सगळे आपापल्या कॉफीत बघत होते. तीन आठवड्यांनी एका वरिष्ठ सहकाऱ्यानं तोच बदल सांगितला तेव्हा सगळे ‘गेनाऊ, गेनाऊ’, अगदी बरोबर, करत माना डोलवायला लागले. मीटिंगच्या इतिवृत्तात नाव त्याचं आलं. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले होते. तेव्हापासून एकदा तरी कागदावर माझं एकटीचं नाव हवं, असं मला वाटत होतं. हे कारण खरं आहे, पण ते पुरेसं नाही. आपल्याला लागलं होतं तिथेच दुसरीला मारायचं आणि वर त्या लागण्याचा दाखला द्यायचा, हे मला त्या वेळी कळलं नव्हतं असंही मी म्हणू शकत नाही. ‘नाइन’ म्हणताना माझी मान गरम झाली होती, हे मला आठवतं.

पेटंट मिळालं. कंपनीनं त्याचं प्रशस्तिपत्र फ्रेम करून दिलं. नवऱ्यानं ते दारातल्या चपलांच्या कपाटावर लावलं.

अमाई येणार त्या दिवशी सकाळी मी ती फ्रेम काढून कपड्यांच्या कपाटात उशांच्या मागे ठेवली.

विमानतळावर त्यांना घ्यायला मी आणि मुलगी गेलो. मुलगी आता चौदा वर्षांची आहे. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. अमाई थकल्या होत्या, केस पांढरे झाले होते, कोट मात्र तसाच. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “जाड झालीस,” त्या समाधानानं म्हणाल्या. “चांगलं झालं. तेव्हा तुझ्याकडे बघून आम्हाला काळजी वाटायची.”

मुलगी हसली. दोघींचं तिथेच जुळलं. गाडीत त्या इंग्रजीत बोलत राहिल्या आणि मी गाडी चालवत राहिले.

संध्याकाळी अमाईंनी पांढऱ्या मक्याच्या पिठाची उकड केली. त्यांचं रोजचं अन्न ते. पीठ मी आफ्रिकन दुकानातून आणून ठेवलं होतं. त्यांनी पातेल्यापाशी कोणालाच येऊ दिलं नाही. लाकडी कलथ्यानं ती घोटताना त्यांच्या खांद्यांची हालचाल बघून मला पंपाचा दांडा आठवला. मी वांग्याची भाजी आणि दाण्याची चटणी केली होती. चौघं जेवायला बसलो. सगळं छान चाललं होतं.

मुलीनं दाराकडे बघितलं. “आई, वो इस्ट डेन डाइने उर्कुंडे?” तुझं प्रशस्तिपत्र कुठे गेलं?

“साफसफाईला काढलंय,” मी मराठीत म्हणाले.

ती अमाईंकडे वळली आणि इंग्रजीत सांगायला लागली. तिच्या आवाजात अभिमान होता. माझ्या आईनं एक शोध लावलाय. तुमच्याच पंपासाठी. एक रबराची रिंग आहे, धूळ आत जाऊ देत नाही. जर्मन सरकारनं पेटंट दिलंय.

अमाईंनी हातातला घास पूर्ण केला. मग माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. खूप दिवस हरवलेली वस्तू एखाद्याच्या घरात दिसावी, तसं काहीसं होतं.

“ती चांगली रिंग आहे,” त्या मुलीला म्हणाल्या. “फार चांगली.”

आणि त्यांनी आणखी भाजी मागून घेतली.

जेवण झाल्यावर त्यांनी पिशवीतून प्लास्टिकचं एक फोल्डर काढलं. कार्यक्रमात दाखवायला कागद आणले होते. त्यात एक छापील प्रमाणपत्र होतं. त्यांनी ते माझ्या मांडीवर ठेवलं. “तू गेल्यावर दोनेक वर्षांनी नवे पंप आले. रिंग आतच बसवलेली. आम्ही हसलो, आमची रिंग विमानानं फिरून आली म्हणालो. मग जिल्ह्याचा एक तरुण अधिकारी पुस्तिका घेऊन आला. बायकांना रिंग बसवायला शिकवायचं, असं त्यात लिहिलं होतं. तीन दिवस शिकवत होता. त्यानं ती उलटी बसवली.”

“मग?” माझ्या नवऱ्यानं हसत विचारलं. त्याला काहीच कल्पना नव्हती.

“मग काय? त्याला पूर्ण करू दिलं. तो गेल्यावर आम्ही सरळ केली. पण प्रमाणपत्र घेतलं. इतक्या वर्षांत मिळालेला तोच एक कागद.”

मी तो कागद हातात धरून बसले होते. त्यावर लिहिलं होतं, की या बाईंनी रिंग बसवण्याचं प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केलं आहे. माझ्या रिपोर्टातलं ते एक वाक्य कुठून कुठे गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अमाईंना चालायला घेऊन गेले. आम्ही गेर्लिंगेन नावाच्या छोट्या गावाजवळच राहतो. गावाच्या जुन्या भागात एक दगडी कारंजं आहे, चार तोट्यांतून अखंड पाणी पडत असतं. अमाई तिथे थांबल्या. तोटीवर पाटी होती. त्यांनी विचारलं, काय लिहिलंय.

“हे पाणी पिण्यासाठी नाही.”

“मग कशासाठी आहे?”

“दिसायला छान म्हणून.”

त्यांनी पाण्याखाली हात धरला. मी तेवढ्यातच सांगून टाकलं. आधी रात्रभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही वापरलं नाही. फॉर्म होता, रकाना होता, मला विचारलं होतं आणि मी नाही म्हणाले. फ्रेम कपाटात उशांमागे आहे, हेसुद्धा सांगितलं. माफ करा म्हणाले.

अमाईंनी हात पाण्याबाहेर काढला. मग त्यांनी कोटाला हात पुसले.

“काल तुझी मुलगी बोलली तेव्हाच कळलं,” त्या म्हणाल्या. “मी विचार केला, हिच्यावर रागवावं का. पण मी माफ कसं करू? ती रिंग माझी नाहीच.”

मला कळलं नाही.

“पहिली रिंग मी कापलेली नाही. आमच्या समितीतल्या सगळ्यात वयस्कर बाईनं कापली. तिचा नवरा सायकली दुरुस्त करायचा. तो गेल्यावर त्याची हत्यारं तिनं घेतली. धूळ, वाटी, पाऊस, हे सगळं तिचं बोलणं. मी तुला फक्त इंग्रजीत सांगितलं. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि तू दुसऱ्या कोणाला काही विचारलं नाहीस.”

“त्या कुठे असायच्या? मी त्यांना भेटले होते?”

“रोज. पंपाजवळच्या आंब्याखाली बसून ती रिंगा कापायची. तू आलीस की तिला उठवायचीस.”

“उठवायचे?”

“तुला सावली हवी असायची. उन्हात तुझ्या कॉम्प्युटरचा पडदा दिसायचा नाही. तू हातानं खूण करायचीस, ती उठून भिंतीकडेला उन्हात जाऊन बसायची. भांडण असं काही नव्हतं. पाहुणी होतीस.”

आणि मग मला ती दिसली. डोक्याला फिकट निळं फडकं, मांडीवर ट्यूब, हातात ब्लेडचा अर्धा तुकडा. मी रोज सकाळी हसून ‘प्लीज’ म्हणायचे आणि ती आपलं सगळं पदरात गोळा केल्यासारखं कमरेच्या कापडात गोळा करून उठायची. इतक्या वर्षांत मी मनातल्या मनात स्वतःला इतक्यांदा दोषी धरलं होतं, अमाईंची इतक्यांदा माफी मागितली होती, आणि त्या सगळ्या हिशेबात ही बाई कधी आलीच नव्हती.

“त्यांना भेटता येईल? फोनवर?”

“ती गेली. दोन पावसाळे झाले,” अमाई म्हणाल्या. “तिची मुलगी आहे. आता ती माझ्याबरोबर पंपांवर येते. माफी मागायची तर तिच्याकडे माग. माझ्याकडे ठेवायला दिलीस तर मी काय करू तिचं?”

परत येताना त्या वाटेतल्या सफरचंदाच्या झाडांविषयी विचारत होत्या. मी उत्तरं देत होते. काय दिली ते आठवत नाही.

कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी होता. हॉलमध्ये साठ-सत्तर खुर्च्या, मागे टेबलावर केक आणि चहा. आमचे विभागप्रमुख पत्नीसह दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांना मीच बोलावलं होतं, अमाई येऊन पोचण्याआधी. नवरा आणि मुलगी त्यांच्या मागे. त्या दोघांना आदल्या रात्री मी सगळं सांगितलं होतं. नवरा म्हणाला, “मला निदान आधी सांगायचंस.” मुलगी खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

सुईणबाई आधी बोलल्या, मग बियाणंवाल्या. अमाई उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी कागद काढला नाही.

“आमच्या देशाच्या पुस्तकात रस्ते आहेत, धरणं आहेत, ती बांधणाऱ्यांची नावं आहेत,” त्या म्हणाल्या. “पंप चालू असला की मुली घंटा व्हायच्या आत वर्गात असतात. पंप चालू असला की दवाखान्यात बाळंतीण धुतलेल्या चादरीवर झोपते. पंप चालू आहे हे पुस्तकात लिहीत नाहीत. बंद पडला की लिहितात. आम्ही तो चालू ठेवला, म्हणून आम्ही पुस्तकात नाही.”

लोक थोडे हसले, मग हसायचे थांबले.

माझी दहा मिनिटं आली. कंपनीनं पाठवलेली माहिती हातात होती. ती मी खाली ठेवली आणि जर्मनमध्ये सांगितलं, की या रिंगेच्या पेटंटवर माझं नाव आहे आणि ते खोटं आहे. रिंग कोणी कापली ते सांगितलं. मी तिला सावलीतून कशी उठवायचे ते सांगितलं. मी तिचं नावही विचारलं नव्हतं, ते मला दोन दिवसांपूर्वी कळलं, हेही. दहा मिनिटं लागली नाहीत, चार पुरली.

टाळ्या झाल्या, पण कशाला वाजवाव्यात हे न कळलेल्या माणसांच्या टाळ्या होत्या. केकच्या टेबलापाशी दोन-तीन बायका येऊन म्हणाल्या, किती धीट आहात तुम्ही. ते मला सगळ्यात असह्य झालं. चोरलेली वस्तू सभेत दाखवली म्हणून माझं कौतुक होत होतं, आणि अमाई कोपऱ्यात कपबशी घेऊन एकट्या उभ्या होत्या. मी तिथून निघून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

विभागप्रमुख जाताना माझ्याजवळ आले. “हे आधी माझ्याशी बोलायला हवं होतं,” ते हळू आवाजात म्हणाले. “मी तुम्हाला तेव्हा विचारलं होतं.”

“हो. तुम्ही विचारलं होतं.”

त्यांनी मान हलवली आणि गेले. ते बरोबर होते. त्यानंतर त्यांनी मला त्रास असा कधी दिला नाही. फक्त आता ते माझा कोणताही रिपोर्ट दोनदा वाचतात, आणि दुसऱ्यांदा वाचताना एखाद-दुसरी ओळ बोटानं दाखवून विचारतात, हे तुम्ही स्वतः पाहिलं का?

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. कंपनीच्या वकिलांनी सांगितलं, की पेटंटवरचं नाव दुरुस्त करता येतं. माझी संमती लागते, कंपनीची लागते आणि पुरावा लागतो. माझी संमती मी त्याच आठवड्यात सही करून दिली. पुरावा म्हणून माझी वही दिली, पण त्या वहीत त्या बाईंचा उल्लेख कुठेच नाही. शाळेची भिंत मध्यंतरी रंगवून घेतली आहे. अमाईंनी आणि समितीतल्या आणखी चौघींनी लिहून दिलेलं आता वकिलांकडे आहे आणि ते काम चालू आहे. पंपाबरोबर जाणारी पुस्तिका मात्र नव्यानं छापली. तीत पहिल्याच पानावर ही रिंग कोणी केली ते लिहिलं आहे, नावासकट. ते नाव छापायला त्यांच्या मुलीनं परवानगी दिली. इथे लिहायची परवानगी मी मागितलेली नाही, आणि न विचारता घ्यायची सवय मला मोडायची आहे.

मुलीचं आणि माझं हळूहळू सुरळीत झालं. एकदा गाडीत ती अचानक म्हणाली, “मी वर्गात सगळ्यांना सांगितलं होतं.” मराठीत म्हणाली. मी म्हटलं, मला माहीत आहे. ती पुन्हा फोनमध्ये बघायला लागली.

त्या बाईंच्या मुलीला मी माफीचं पत्र लिहिलं होतं. इंग्रजीत, सोप्या शब्दांत. अमाई ते तिला तिच्या भाषेत वाचून दाखवणार होत्या. उत्तर अमाईंच्या फोनवरून आलं. माफीविषयी त्यात काहीच नव्हतं. तिनं विचारलं होतं: तुम्ही आईला पाच आठवडे रोज पाहिलंत. मी तेव्हा लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात होते, तिच्या त्या दिवसांतलं मला काही माहीत नाही. ती तेव्हा कशी होती? काय बोलायची? दमायची का? तुम्हाला जे आठवत असेल ते लिहा.

मी आठवडाभर आठवत राहिले. निळं फडकं आठवलं. ब्लेडचा तुकडा आठवला. उठताना ती गुडघ्यावर हात टेकायची, हे आठवलं. आवाज आठवला नाही, कारण मी तो ऐकलाच नव्हता. कल्पनेनं दोन-चार गोड गोष्टी लिहिता आल्या असत्या, आणि एका संध्याकाळी मी तशा लिहिल्याही. त्या पानावर ती हसत होती, माझ्याशी खुणांनी बोलत होती. मग ते पान फाडलं.

शेवटी आठवत होतं तेवढंच पत्रानं पाठवलं. सहा ओळी. आईला गुडघ्याचा त्रास असावा, तरी मी तिला रोज उठवत होते, हेही त्यात लिहिलं.

त्याचं उत्तर आलेलं नाही. मी अमाईंना एकदाच विचारलं. त्या म्हणाल्या, तिनं ते दोनदा वाचून घेतलं, घडी घालून आत ठेवलं आणि मग आम्ही कामाला गेलो, पलीकडच्या गावातला पंप उघडायचा होता.